बीपीची गोळी आणि मनाचा आजार: लिथियम चालू असताना काय बघायचं?

कृष्णाकाठची_मेघा

नमस्कार मंडळी. आरोग्य विभागात शोधलं, पण नेमकं यावर काही सापडलं नाही, म्हणून नवीन धागा काढतेय.

माझा धाकटा भाऊ बायपोलर आहे, म्हणजे कधी उन्माद तर कधी उदासी. पन्नाशीला आलाय. बरीच वर्षं मूड स्थिर ठेवणाऱ्या लिथियमच्या गोळीवर आहे आणि दृष्ट न लागो, पण छान चाललंय. दुकान बघतो, भाचरांना स्कूटरवरून फिरवतो. मागे सोसायटीत तपासणी शिबिर झालं, त्यात बीपी १६०/१०० निघालं. घरी मशिनवर बघितलं तरी तेच. मग जवळच्या फिजिशियनकडे नेलं. त्यांनी टेल्मिसार्टन आणि हायड्रोक्लोरोथायाझाइड अशी जोडगोळी लिहून दिली आणि 'मीठ एकदम तोडा' म्हणाले. लिथियमचं सांगितलं होतं, पण दवाखान्यात गर्दी होती, ते त्यांच्या कानावर कितपत गेलं कोण जाणे. मनोविकारतज्ज्ञांची तारीख पुढच्या महिन्यात आहे.

दरम्यान मी नेटवर वाचत बसले. एका ठिकाणी लिहिलंय की स्वीडनमधल्या अभ्यासात बीपीच्या काही गोळ्या घेणाऱ्या मनोरुग्णांना ॲडमिट करायची वेळ कमी आली. दुसरीकडे लिहिलंय की बीपीच्या गोळ्यांनी डिप्रेशन येतं. खरं काय? गोळी अजून सुरू केलेली नाही. पाकीट फ्रिजवर तसंच आहे.

मेडिकलवाले_काका

मेघाताई, पाकीट फ्रिजवरच असू द्या आणि आजच मनोविकारतज्ज्ञांच्या दवाखान्यात फोन करा. पुढच्या महिन्याची वाट बघू नका.

आयुष्य काउंटरमागे गेलं, त्यातून एक सवय लागली. बीपीच्या गोळीच्या नावापुढची अक्षरं आधी वाचायची. 'एएम' म्हणजे सोबत ॲम्लोडिपिन. 'एच' म्हणजे सोबत लघवी वाढवणारं हायड्रोक्लोरोथायाझाइड. पाकिटं दिसायला जुळी भावंडं, किंमतही आसपास. पण गिऱ्हाईक लिथियमवालं असेल तर 'एच' दिसला की मी चिठ्ठी परत करायचो आणि म्हणायचो, डॉक्टरांना एक फोन लावा. काही डॉक्टर चिडायचे, बरेचसे आभार मानायचे.

सांगलीकर_सुमेध

काका, म्हणजे नक्की काय होतं? लिथियम वाढतं की कमी होतं?

निवांत_डॉक्टर

वाढतं. मी मनोविकारतज्ज्ञ आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. इथे कुणाचं प्रिस्क्रिप्शन बदलत नाहीये हे आधीच सांगतो.

लिथियम शरीरातून जवळजवळ सगळं मूत्रपिंडावाटे बाहेर पडतं. मूत्रपिंड लिथियमला सोडियमसारखंच वागवतं. शरीरात मीठ-पाणी कमी पडलं की मूत्रपिंड सोडियम घट्ट धरून ठेवतं आणि त्याच्याबरोबर लिथियमही परत ओढून घेतं. थायाझाइड गटातली औषधं मीठ-पाणी बाहेर काढतात, म्हणून रक्तातलं लिथियम चढतं. साधारण पाव हिश्श्यापासून पुढे, कधी बरंच जास्त. टेल्मिसार्टन, लोसार्टन, तसंच रामिप्रिल, एनालाप्रिल ही मंडळी मूत्रपिंडातल्या गाळणीचा दाब उतरवतात, त्यानेही लिथियम साचतं. मेघाताईंच्या चिठ्ठीत दोन्ही एका गोळीत आहेत. वरून मीठ तोडायचा सल्ला. तिन्ही गोष्टी एकाच दिशेने ढकलणाऱ्या.

लिथियमची गंमत अशी (गंमत कसली म्हणा) की उपयोगी पातळी आणि विषारी पातळी यांत अंतर फार थोडं आहे. नेहमीच्या उपचारात आम्ही रक्तातली पातळी ०.६ ते ०.८ (मिलिमोल प्रति लिटर), फार तर १.० पर्यंत ठेवतो. १.५ च्या वर गेलं की लक्षणं दिसायला लागतात, आणि वयस्कर माणसांत त्याच्या खालीही दिसतात. पॅरासिटामॉलसारखं 'थोडं जास्त झालं तर काय होतंय' हे इथे चालत नाही. (पॅरासिटामॉललाही ते चालत नाहीच, तो वेगळा विषय.)

कॅनडात ऑन्टारियो प्रांतातल्या लिथियम घेणाऱ्या वृद्धांचा अभ्यास २००४ मध्ये आला होता. रामिप्रिलच्या गटातली औषधं किंवा लघवी वाढवणाऱ्या फ्युरोसेमाइडच्या गटातली औषधं नव्याने सुरू केल्यावर पहिल्या महिन्यात लिथियमच्या विषबाधेने ॲडमिट होण्याचा धोका कितीतरी पटींनी वाढलेला दिसला. पहिला महिना लक्षात ठेवा. बरीच वर्षं दोन्ही औषधं शेजारी शेजारी सुखाने घेणारे पेशंट माझ्याकडेही आहेत, कारण त्यांचा डोस त्या हिशोबाने बसवलेला आहे. अडचण येते ती नवीन गोळी सुरू करताना, डोस बदलताना किंवा बंद करताना.

कृष्णाकाठची_मेघा

बापरे. फोन केलाय, संध्याकाळी परत करतो म्हणालेत. लक्षणं काय असतात? भावाचा हात तसाही थोडा थरथरतो.

निवांत_डॉक्टर

बारीक थरथर बऱ्याच जणांना नेहमीच असते. तिच्याने घाबरू नका. कप धरताना चहा सांडेल इतकी जाडी थरथर, जुलाब, उलटी, दारू प्यायल्यासारखी चाल, जड जीभ, गुंगी, गोंधळ, हातापायाला झटके. यातलं काही दिसलं तर लिथियमचा पुढचा डोस न देता त्याच दिवशी रक्त तपासायला आणि डॉक्टरांकडे. रात्र असेल तर कॅज्युअल्टीत. आणि तिथल्या पोराला पहिल्याच वाक्यात सांगा, 'पेशंट लिथियमवर आहे'. नाहीतर जुलाब-उलट्या म्हणून सलाइन लावून घरी पाठवतात.

टवाळखोर_तात्या

मे महिन्यात विदर्भात राहणाऱ्या लिथियमवाल्याने काय करायचं मग? इथे तर नुसतं बसल्या बसल्या मीठ-पाणी निघून जातं.

निवांत_डॉक्टर

तात्या, टवाळकीत मुद्द्याचं बोललात. उन्हाळा, जुलाब, ताप, कडक निर्जळी उपास, या सगळ्यांत लिथियम चढू शकतं. पाणी नेहमीसारखं प्यायचं, मीठ अचानक वाढवायचं नाही आणि अचानक तोडायचंही नाही. बीपीसाठी मीठ कमी करायचंच असेल तर हळूहळू, आणि रक्तातली लिथियमची लेव्हल बघत. गुडघेदुखीवर मेडिकलमधून परस्पर आणलेली डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेनही लिथियम चढवते, हेही त्याच यादीत.

गोथेनबर्गचा_गण्या

मेघाताईंनी ज्या स्वीडनच्या अभ्यासाचं म्हटलंय त्याबद्दल लिहितो, कारण राहतो इथे आणि कामही आकडेवारीचं आहे (औषधांचं नाही).

इथे प्रत्येकाला एक व्यक्तिक्रमांक असतो. दवाखाना, औषधदुकान, बँक, सगळं त्यावर चालतं. २००५ च्या मध्यापासून चिठ्ठीवर घेतलेल्या प्रत्येक औषधाची राष्ट्रीय नोंद होते. त्यामुळे कोणी कधी औषध उचललं आणि कधी ॲडमिट झालं हे जुळवता येतं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधले जोसेफ हेज आणि सहकाऱ्यांनी हे वापरून सिझोफ्रेनिया, बायपोलर वगैरे आजार असलेल्या १,४२,६९१ लोकांच्या नोंदी तपासल्या. निष्कर्ष २०१९ च्या सुरुवातीला 'जामा सायकिॲट्री' या वैद्यकीय नियतकालिकात आले.

औषधांचे गट तीन होते. कोलेस्टेरॉलचे स्टॅटिन, मधुमेहाचं मेटफॉर्मिन आणि बीपीचे कॅल्शियम चॅनल ब्लॉकर, म्हणजे ॲम्लोडिपिनची भावकी. यांनी एका माणसाची दुसऱ्याशी तुलना केली नाही. त्याच माणसाचे गोळी चालू असतानाचे दिवस आणि नसतानाचे दिवस यांची केली. कॅल्शियमवाल्या गोळ्या चालू असताना मानसिक आजारासाठी ॲडमिट होण्याचं प्रमाण सिझोफ्रेनियात साधारण २० टक्के आणि बायपोलरमध्ये ८ टक्के कमी दिसलं. स्वतःला इजा करण्याचं प्रमाणही कमी दिसलं.

पुराव्याने_शाबित

गण्या, नीट लिहिलंस. पण बीपीच्या गोळीने वेड बरं होतं असा बोर्ड लावायच्या आधी थोडं थांबूया.

त्याच माणसाशी तुलना केल्यामुळे जात, गाव, स्वभाव, जनुकं हे सगळं आपोआप सारखं होतं, हे मान्य. पण एकाच माणसाचे दिवस सारखे नसतात ना. जो माणूस ज्या काळात शिस्तीत बीपीची गोळी घेतो, तो त्याच काळात मनाची गोळीही शिस्तीत घेत असतो. आजार उसळला की पहिल्यांदा काय होतं? सगळ्याच गोळ्या कचऱ्यात जातात. मग 'बीपीची गोळी नव्हती तेव्हा ॲडमिट झाला' असं कागदावर उतरतं. खरं कारण उलटंही असू शकतं. त्या संशोधकांनीही हे शेवटचं उत्तर असल्याचा दावा केलेला नाही, चाचण्या करून बघाव्यात म्हटलंय.

आता मेघाताईंच्या दुसऱ्या प्रश्नाकडे, बीपीच्या गोळीने डिप्रेशन येतं का. ग्लासगो विद्यापीठाचा २०१६ चा अभ्यास, १,४४,०६६ लोक. रामिप्रिल-लोसार्टनच्या गटांवर असणाऱ्यांत मूडच्या आजाराने ॲडमिट होणं सगळ्यांत कमी. त्यांच्या तुलनेत बीटा ब्लॉकर (ॲटेनोलॉल, प्रोप्रानोलॉल वगैरे) आणि कॅल्शियमवाल्यांत सुमारे दुप्पट. वाचून लोक घाबरले. मग २०२० मध्ये डेन्मार्कचा अभ्यास आला, तिथेही नोंदी अख्ख्या देशाच्या. त्यात बीपीच्या कुठल्याच औषधाने डिप्रेशन वाढलेलं दिसलं नाही. उलट एनालाप्रिल, रामिप्रिल, ॲम्लोडिपिन, व्हेरापामिल, प्रोप्रानोलॉल, ॲटेनोलॉल, बिसोप्रोलॉल, कार्व्हेडिलॉल यांच्यात थोडं कमीच दिसलं. एक ॲम्लोडिपिनला आरोपी ठरवतो, दुसरा साक्षीदार. शिवाय ग्लासगोमध्ये ॲडमिट झालेले लोक एकूण तीनशेच्या आतच होते, त्यामुळे 'दुप्पट' ऐकून दचकायच्या आधी ते बघावं.

वासंती_कुलकर्णी_नव्हे

अभ्यास काहीही म्हणोत, आमच्या आत्याला ॲटेनोलॉल सुरू केल्यापासून मरगळ आली होती. नुसती खिडकीत बसून असायची. बंद केल्यावर माणसात आली.

निवांत_डॉक्टर

वासंतीताई, आत्याबाईंचं खोटं म्हणत नाही. बीटा ब्लॉकरने थकवा येतो. झोप बिघडते, काहींना चित्रविचित्र स्वप्नं पडतात, विशेषतः मेंदूत सहज शिरणाऱ्या प्रोप्रानोलॉलने. थकलेलं माणूस उदास दिसतं. पण खऱ्या डिप्रेशनचा संबंध चाचण्यांत टिकलेला नाही. २००२ मध्ये 'जामा'त १५ चाचण्या एकत्र करून बघितलं, ३५ हजारांवर रुग्ण होते. डिप्रेशनच्या लक्षणांत म्हणावी अशी वाढ नव्हती, थकवा मात्र किंचित जास्त. तरी गोळी बदलून बरं वाटत असेल तर बदलावी, त्यासाठी डिप्रेशन सिद्ध व्हायची गरज नाही. फक्त बीटा ब्लॉकर एकदम तोडायचा नाही, हळूहळू उतरवायचा.

आमच्या शाखेत तर प्रोप्रानोलॉल आम्हीच लिहून देतो. लिथियमच्या थरथरीला, सिझोफ्रेनियाच्या औषधांनी पायांत होणाऱ्या असह्य चुळबुळीला, सिझोफ्रेनियावरच्या क्लोझापिनने धावणाऱ्या नाडीला. दमा असेल तर नाही.

हिरवा_चाफा

बीपीसाठी इतकी केमिकलं कशाला? आपल्याकडे सर्पगंधा होती की. बीपी आणि वेड दोन्हींवर एकच मुळी. परक्यांनी ती पळवली आणि आपल्यालाच विकली.

मेडिकलवाले_काका

चाफेसाहेब, थांबा. हा माझा आवडता विषय आहे.

बिहारकडे या मुळीला पागल की दवा म्हणत. १९३१ मध्ये कलकत्त्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी लेख लिहिला, त्याच्या मथळ्यातच वेड आणि उच्च रक्तदाब शेजारी शेजारी होते. त्याच सुमारास दिल्लीत सलीमुझ्झमान सिद्दीकी यांनी या मुळीतून अल्कलॉइड वेगळी काढली आणि एकाला हकीम अजमल खान यांच्या नावावरून अजमलिन म्हटलं. पुढचा अंक आपल्या मुंबईतला. केईएमचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी बीपीच्या रुग्णांना ही मुळी देऊन नीट नोंदी ठेवल्या आणि १९४९ मध्ये 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये छापल्या. जगाचं लक्ष तिथून या मुळीकडे गेलं. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीत या मुळीतलं रिसर्पिन वेगळं निघालं. १९५४ मध्ये न्यूयॉर्कजवळच्या रॉकलंड स्टेट हॉस्पिटलात नेथन क्लाइन यांनी ते मनोरुग्णांना दिलं. १९५७ चा वैद्यकशास्त्रातला लास्कर पुरस्कार दोघांनाही मिळाला, वकिलांना बीपीसाठी, क्लाइनना मनोविकारासाठी. बीपीची गोळी आणि मनाचा आजार यांचं नातं शोधायला स्वीडनला जायला नको, परळला गेलं तरी पुरे.

पण ती मुळी आता घरी कुटून घ्यायची वस्तू नाही. रिसर्पिन मेंदूतल्या सेरोटोनिन, डोपामिन, नॉरॲड्रेनलिन यांचे साठे रिकामे करतं. पूर्वी मोठ्या डोसात दिलं जायचं तेव्हा गळाठा, सुस्ती, कंपवातासारखा ताठरपणा, आणि डिप्रेशन आल्याच्या तक्रारी भरपूर. लिथियमवाल्याने तर असले प्रयोग करूच नयेत.

पुराव्याने_शाबित

काका, झकास. एक पुरवणी. रिसर्पिनने डिप्रेशन येतं, म्हणजे मेंदूतली ही रसायनं कमी झाली की डिप्रेशन होतं, असं एक मोठं घर या पायावर उभं राहिलं. आणि १९५५ मध्येच 'लॅन्सेट'मध्ये लंडनच्या डेव्हिस आणि शेफर्ड यांची चाचणी आली होती, चिंता आणि उदासी असलेल्या रुग्णांना रिसर्पिन देऊन. त्यांना बरं वाटलं होतं! ती चाचणी पुढे जवळजवळ अडगळीत गेली.

असंच व्हेरापामिलचं. कॅल्शियम चॅनल अडवणारं औषध उन्मादावर चालेल या आशेने ऐंशीच्या दशकात बराच उत्साह होता. १९९८ मध्ये नीट दुहेरी अंध चाचणी झाली (कुणाला खरी गोळी, कुणाला खोटी, हे डॉक्टर-पेशंट दोघांनाही ठाऊक नसतं), खोट्या गोळीपेक्षा काही सरस निघालं नाही. तरी विषय संपला नाही. २०१३ मध्ये 'लॅन्सेट'मधल्या मोठ्या जनुकीय अभ्यासात सिझोफ्रेनिया आणि बायपोलरसह पाच आजारांत कॅल्शियम चॅनलची जनुकं पुन्हा वर आली. आता प्रश्न असा विचारला जातो की जी गोळी मेंदूत फारशी शिरतच नाही, जसं ॲम्लोडिपिन, तिने मनाचं काय होणार?

आणि रामिप्रिलच्या गटाबद्दलही सावध. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडच्या लोकांनी २०२१ मध्ये जनुकांवरून हिशोब मांडला. रामिप्रिल शरीरातलं जे एसीई नावाचं एन्झाइम अडवतं, त्याच्या जनुकाचं काम ज्यांच्यात जन्मतः कमी, त्यांच्यात सिझोफ्रेनियाचा धोका थोडा जास्त. याचा अर्थ गोळी घेणाऱ्याला सिझोफ्रेनिया होतो असा अजिबात नाही. ज्याला आजार आहे त्याच्यात या गोळीने काय होतं, ते तपासायला हवं, इतकाच.

रत्नागिरी_एसटी

मुलगा क्लोझापिनवर आहे. सकाळी उठला की डोळ्यांपुढे अंधारी. आणि तपासणीत कधी कधी बीपी जास्त येतं. नक्की वाढलंय की कमी झालंय? कोणी धड सांगत नाही.

निवांत_डॉक्टर

दोन्ही एकाच माणसात असू शकतं. क्लोझापिनने उभं राहिल्यावर दाब पडतो, विशेषतः डोस वाढवताना, आणि काहींना नंतर बीपी चढतं. म्हणून बसून एकदा आणि उभं राहून मिनिट-दोन मिनिटांनी एकदा, दोन्ही आकडे लिहून डॉक्टरांना दाखवा. नुसता बसलेला आकडा बघून कोणी गोळी वाढवली तर पोरगं न्हाणीघरात पडायचं. बीपीसाठी प्रॅझोसिनसारखी अल्फा ब्लॉकर गोळी असेल तर आणखी जपून. रात्री लघवीला उठताना आधी काठावर पाय सोडून बसू दे.

दुसऱ्या बाजूनेही बघा. डिप्रेशनवरची व्हेन्लाफॅक्सिन मोठ्या डोसात बीपी चढवते. तिथे बीपीची गोळी वाढवत बसण्याआधी मूळ औषधाचा विचार व्हायला हवा. मूड स्थिर ठेवणारी कार्बामाझेपिन चालू असेल तर ॲम्लोडिपिनचा असर कमी पडतो, आणि तिच्यासोबत थायाझाइड दिलं तर रक्तातलं सोडियम खाली जायची भीती.

संपादक

चर्चा उत्तम चालली आहे. सभासदांना विनंती, औषधाचे डोस इथे सुचवू नयेत. तातडीच्या मानसिक आधारासाठी सरकारी टेलि-मानस क्रमांक १४४१६ चोवीस तास, मराठीतही.

सांगलीकर_सुमेध

एक शंका. एवढं सगळं असेल तर मनोरुग्णाला बीपीची गोळी न दिलेलीच बरी नाही का?

निवांत_डॉक्टर

नाही, नाही, नाही. सुमेध, हे कृपा करून कोणी मनात आणू नका. गंभीर मनोविकार असलेली माणसं इतरांपेक्षा १० ते २० वर्षं लवकर जातात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि त्यात हृदयविकारासारख्या शारीरिक आजारांचा वाटा मोठा. आमच्याच औषधांनी वजन, साखर वाढते. आणि बीपी मोजायचं मात्र राहून जातं, कारण पेशंट 'मेंटल'चा. छातीत दुखतंय म्हणाला तरी 'त्याचं तसंच असतं' म्हणतात. १६०/१०० वर गोळी हवीच. कुठली, एवढाच प्रश्न.

लिथियमवाल्याला सहसा ॲम्लोडिपिनपासून सुरुवात सोयीची जाते, त्याने लिथियमच्या पातळीत फारसा फरक पडत नाही. सरकारी दवाखान्यांतही बऱ्याच ठिकाणी पहिली गोळी ॲम्लोडिपिनच असते. त्याने भागलं नाही तर पुढच्या पायऱ्या टेल्मिसार्टन आणि क्लोरथॅलिडोन (थायाझाइडसारखंच लघवी वाढवणारं), म्हणजे नेमक्या लिथियमशी भांडणाऱ्या. तिथे पोचलात की दोन्ही डॉक्टरांना एकमेकांशी बोलायला लावा. व्हेरापामिल आणि डिल्टियाझेम ही कॅल्शियमवालीच, पण लिथियमबरोबर मेंदूला त्रास झाल्याच्या नोंदी आहेत, म्हणून तीही सहसा टाळतो.

मेडिकलवाले_काका

आणि लिथियमच्या पाकिटाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. 'ती पांढरी गोळी' म्हणून कोणाला काही कळत नाही.

कृष्णाकाठची_मेघा

सगळ्यांचे आभार. मनोविकारतज्ज्ञ आणि फिजिशियन फोनवर बोलले. 'एच'वाली गोळी रद्द, ॲम्लोडिपिन सुरू झालंय. फिजिशियन अजिबात रागावले नाहीत, केसपेपरवर लाल पेनाने मोठ्ठं 'लिथियम' लिहिलं. भाऊ विचारतोय, संध्याकाळी घोट्याशी सूज येते, मूत्रपिंड गेलं का?

निवांत_डॉक्टर

ॲम्लोडिपिनने घोट्याला सूज येणं नेहमीचं आहे, डोस वाढला की जास्त. पाय वर घेऊन बसला की उतरते. तरी लिथियमवाला आहे, म्हणून मूत्रपिंडाचं काम दाखवणारं क्रिएटिनिन बघून घ्या, लेव्हलबरोबर एकाच सुईत होईल. फिजिशियनना सूज सांगा, पण त्यावर कोणी लघवीची गोळी लिहून दिली तर परत फोन करा.

कृष्णाकाठची_मेघा

लेव्हलसाठी उपाशी जायचं का?

मेडिकलवाले_काका

उपाशीचं काही नाही. रात्रीच्या गोळीनंतर १२ तासांनी रक्त द्यायचं. रात्री नऊला घेतली तर सकाळी नऊला. सकाळचा डोस असेल तर तो खिशात न्यायचा, रक्त दिल्यावर घ्यायचा.